पाकिटातली शेवई आणि पुण्यातली लेक

नूडल्सचं पाकीट म्हटलं की आपल्या बायकांत सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "आमच्या घरात बाई तो कचरा येतच नाही." दुसरा तट काही बोलत नाही, पण त्यांच्या फडताळात रव्याच्या डब्यामागे चार पाकिटं हमखास सापडतात. हळदीकुंकवाला पहिल्या तटाचं बहुमत असतं, आणि किराणा दुकानात दुसऱ्याचं! मी या वादात कधी पडले नाही. घरात मुलं असतात, परीक्षा असतात, अवेळी येणारे पाहुणे असतात, कधी आपलंच अंग मोडून आलेलं असतं. अशा वेळी पाकीट फोडणाऱ्या बाईला नावं ठेवायला फुरसत कुणाला आहे?

पण गेल्या वर्षी या दहा-पंधरा रुपयांच्या पाकिटावरून आमच्या घरात बरंच रामायण झालं. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही बार्शीचे. आमचे हे मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहेत. थोरलीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. धाकटी बी.ए. झाली आणि तिनं स्पर्धा परीक्षेचं मनावर घेतलं. पुण्याला जाऊन अभ्यास करायचा म्हणाली. हे काही लगेच 'हो' म्हणाले नाहीत. वन्सं तर मुद्दाम माढ्याहून आल्या. "दादा, मुलीचं वय काय थांबतं का? परीक्षा दहा देईल, पण चांगली स्थळं दहा वेळा येत नाहीत," असं त्यांचं म्हणणं. शेवटी बरीच वादावादी होऊन दोन वर्षांची मुदत ठरली. ह्यांनी एकच अट घातली. "तब्येत बिघडली तर मात्र बाडबिस्तरा गुंडाळून परत यायचं. मग कुणाचं काही ऐकणार नाही."

लेक गेली. फोनवर रोज खुशाली कळायची. गणपतीत घरी आली आणि मी दारातच तिच्याकडे बघत राहिले. गालाची हाडं वर आलेली, डोळ्यांखाली काळं, आणि आमचा साधा दहा पायऱ्यांचा जिना चढताना धाप लागलेली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.७! बाईमाणसाचं १२ च्या वर हवं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "जेवतेस काय गं तू?" लेकीनं खाली मान घातली.

रात्री सासूबाई झोपल्यावर तिनं मला सगळं सांगितलं. अभ्यासिकेची फी वाढली होती. घरी पैसे मागावेत तर बाबा म्हणणार, ये परत. म्हणून बाईसाहेबांनी संध्याकाळची मेस बंद करून टाकली होती. दुपारी मेसचं जेवण आणि रात्री किटलीत पाणी उकळून एक पाकीट नूडल्स. त्यावर कपभर चहा, झोप येऊ नये म्हणून. असे चार महिने झाले होते.

मी भिशीचे पैसे तिच्यापुढे ठेवले. म्हणाली, "आई, यातून मी सराव परीक्षांचे पैसे भरीन. मेसचं नको. पाकीट खाऊन माझं पोट भरतं." आता हिला काय सांगावं? पोट भरणं आणि अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विशीतल्या मुलीला कसं कळावं?

इकडे वन्संना बातमी कळलीच. फोनवर म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? त्या नूडल्समध्ये शिसं असतं. बंदी आली होती, विसरलात का?" हे ऐकत होते. काही बोलले नाहीत; एवढंच म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघू." म्हणजे हातात महिनाभराचा अवधी. पितृपंधरवडा उलटल्यावर सासूबाईंची परवानगी घेतली, एक पिशवी भरली आणि एस.टी.नं पुण्याला गेले. पाच दिवसांसाठी.

नारायण पेठेत जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत एका खोलीत पाच खाटा. याला तिथे 'कॉट बेसिस' म्हणतात. एक मुलगी लातूरकडची, एक जळगावची, एक कोल्हापूरची, एक रत्नागिरीची आणि पाचवी आमची. घरमालकीणबाईंचा नियम कडक होता. गॅस नाही, शेगडी नाही. फक्त पाणी तापवायची विजेची किटली चालेल. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. खोलीभर पुस्तकं आणि गाद्या, आग लागली तर काय घ्या? तर असा हा स्वयंपाकघराचा थाट: एक किटली, एक सुरी, एक किसणी आणि पाच स्टीलचे डबे.

पहिल्या संध्याकाळी मी काहीच केलं नाही. नुसतं पाकीट हातात घेऊन मागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचून काढला. तुम्हीही एकदा वाचाच. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. पहिला मैदा, मग पामतेल, मग मीठ आणि मसाले. सोडियम किती ते मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं. त्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. समजा ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ते झालं २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका पाकिटात दिवसाच्या मिठाचा केवढा वाटा जातो बघा! आणि एवढं करून त्यात भाजी म्हणाल तर मसाल्यात असेल तेवढी सुकी भुकटी.

शिशाचं मात्र वन्संना कळवायला हवं होतं, म्हणून तेही इथे सांगते. २०१५ च्या जूनमध्ये मॅगीवर देशभर बंदी आली होती, शिसं जास्त सापडलं म्हणून आणि अजिनोमोटोवरून. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली आणि पुन्हा तपासणी करायला सांगितली. तपासणी होऊन नोव्हेंबरमध्ये पाकिटं दुकानात परत आली. आणि अजिनोमोटो म्हणजे काही आकाशातून पडलेलं विष नव्हे. १९०८ साली इकेडा नावाच्या जपानी प्राध्यापकांनी ते समुद्रशेवाळाच्या कढणातून वेगळं काढलं. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत असते, अळंब्यांत असते. तेव्हा पाकिटातल्या शेवईला घाबरायचं कारण दुसरंच आहे. तिच्यात जे आहे त्यापेक्षा तिच्यात जे नाही त्याची काळजी करायला हवी.

या शेवईची जन्मकथाही मोठी गमतीची. जपानमध्ये मोमोफुकु आंडो नावाचे एक गृहस्थ होते. युद्धानंतर ओसाकात लोक एका वाडगाभर गरम नूडल्ससाठी थंडीत रांगा लावून उभे असलेले त्यांनी पाहिले होते. पुढे धंदा बुडाला, होतं नव्हतं ते गेलं. तेव्हा घरामागच्या खोपटात बसून त्यांनी प्रयोग सुरू केले. बायको भजी तळत होती (तिकडे त्याला टेंपुरा म्हणतात), ते पाहून त्यांना युक्ती सुचली असं सांगतात. शेवई आधी वाफवायची आणि मग तेलात तळायची. तळताना आतलं पाणी उडून जातं आणि शेवईत बारीक बारीक छिद्रं राहतात. नंतर उकळतं पाणी घातलं की ते त्या छिद्रांतून आत शिरतं आणि शेवई मऊ होते. १९५८ साली त्यांनी पहिलं पाकीट विकायला आणलं तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. आपल्याकडे मॅगी आली ती १९८३ च्या सुमारास.

मी मुलींना म्हटलं, "अगं, यात नवल ते काय? आपली कुर्डई वेगळं काय करते? गव्हाचा चीक शिजवायचा, सोऱ्यातून पाडायचा, वाळवायचा." रत्नागिरीची मुलगी लगेच म्हणाली, "काकू, आमच्याकडे शिरवाळ्या!" तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि नारळाचा गोड रस. म्हणजे शेवई आपल्याला परकी नाही. परका आहे तो तिचा एकटेपणा. आपण कधी नुसती शेवई ताटात वाढतो का? दूध घालतो, नाहीतर कांदा, मटार, दाणे घालून उपमा करतो. मग या पाकिटातल्या पोरीलाच सोबत का नको?

तर आता कृतीकडे वळू. शेवई आधीच शिजलेली आणि तळलेली असते, म्हणून तिला जाळावर ठेवायची गरजच नाही. झाकण असलेला स्टीलचा डबा घ्यायचा. तळाशी भाजी घालायची: किसलेलं गाजर, सुतासारखा चिरलेला कोबी, बारीक चिरलेला पालक किंवा मेथी. कोबी जाड चिरला तर कच्चा राहतो, म्हणून इथे आळस नको. त्यावर शेवईची वडी अख्खीच ठेवायची. चुरायची नाही, चुरली की लगदा होतो. मग किटलीतलं पाणी खळखळून उकळलं की वडी जेमतेम बुडेल इतकंच ओतायचं. जास्त पाणी म्हणजे पानचट चव, हे शंभर टक्के समजा. डब्यावर ताटली ठेवायची आणि ताटलीवर काहीतरी वजन. (आमच्याकडे राज्यघटनेचं जाडजूड पुस्तक होतं!) डबा टॉवेलात गुंडाळायचा आणि सात मिनिटं हात लावायचा नाही. डब्याचं स्वतःचं झाकण मात्र घट्ट दाबून लावू नये. आतली वाफ निवली की ते असं बसतं की पाच जणींना मिळून उघडत नाही. आणि किटलीत पाण्याशिवाय काही घालू नये. शेवई, मसाला आत गेला की तळाशी करपतो आणि किटली लवकर कामातून जाते.

मसाल्याची पुडी अर्धीच वापरायची आणि तीही सगळ्यांत शेवटी. पाण्यात आधीच घातली तर मीठ सगळीकडे पसरतं आणि मसाल्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. उरलेली अर्धी पुडी घडी घालून ठेवा. दुसऱ्या दिवशी चालते. आता तुम्ही म्हणाल, अर्ध्या मसाल्यानं चव कशी येणार? तीच तर गंमत आहे.

मी पिशवीत शेंगाची चटणी नेली होती. सोलापूरकडच्या घरात ती नाही असं होत नाही. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट आणि मीठ खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचं. मिक्सरची चटणी भुरभुरीत होते, तिला ते तेल सुटत नाही. ही चटणी दोन चमचे घ्यायची, डब्यातल्याच गरम पाण्यात कालवून दाटसर करायची आणि शेवईला चोळायची. अशी माखते की प्रत्येक शेवई लालसर चमकते. पहिल्या दिवशी लातूरच्या मुलीनं एक घास घेतला आणि पुस्तक बाजूला ठेवलं. मला तेवढी पावती पुरे झाली.

मग काय, पाचही जणींना चेव आला. लातूरवालीनं घरचा येसर काढला. डाळी, धान्यं भाजून केलेलं ते पीठ. चमचाभर घातलं तर पाणी दाट होऊन आमटीसारखी चव येते. कोल्हापूरवालीकडे कांदा-लसूण मसाल्याची बरणी होतीच. रत्नागिरीवालीनं आमसूल भिजवून त्याचं आगळ घातलं. आणि जळगाववालीनं वरून शेव भुरभुरली. प्रत्येकीच्या खाटेखालच्या पेटीत तिच्या आईनं भरून दिलेलं काही ना काही होतं. महिनोन्महिने ते तसंच पडून होतं, कारण 'कशाशी खायचं?' हा प्रश्न होता. उत्तर त्यांच्या हातातच होतं, पाकिटात!

मी त्यांना एक सोपा हिशेब शिकवला. मुलींना सूत्रं पाठ करायची सवय असते, म्हणून सूत्रासारखाच सांगितला: एक हिरवं, एक ताकदीचं, एक आंबट, एक कुरकुरीत. चारांपैकी एकही चुकवायचं नाही.

हिरवं म्हणजे पालेभाजी. एक जुडी पाच जणींत संपते, त्यामुळे फ्रिज नसला तरी वाया जात नाही. रोज एकीनं आणायची, निवडायची आणि तीन पाण्यांतून धुवायची.

ताकदीचं म्हणजे मोड आलेले मूग, दाणे किंवा अंडं. मूग रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी मोड येतात, त्याला काही चूल लागत नाही. मात्र मोड कच्चे खाऊ नयेत. त्यांच्यावर आधी एकदा उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवावं, ते पाणी टाकून द्यावं, आणि मग शेवईबरोबर पुन्हा उकळत्या पाण्यात घालावेत. अंडं आमच्याकडे गुरुवार सोडून चालतं. खाली कोपऱ्यावर बुर्जीच्या गाडीवर उकडलेलं अंडं मिळतं, ते आणून चार फाका करून वर ठेवायचे.

आंबट म्हणजे लिंबू, टोमॅटो किंवा आमसूल. लिंबू हे नुसतं चवीसाठी नाही हं. पालेभाजीतलं, कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. मात्र लिंबू डबा उघडल्यावर पिळायचं. उकळत्या पाण्यात नाही. टोमॅटो आणलात तर पिकलेला लालभडक आणा आणि किसून घाला. मघाशी सांगितलेली ती अजिनोमोटोची चव तो फुकटात देतो.

कुरकुरीत म्हणजे शेव, भाजलेला पापड, भाजलेले दाणे, काहीही. मऊ शेवईत मध्येच काही दाताखाली आलं की माणूस सावकाश चावून खातो, आणि सावकाश खाल्लं की जेवल्यासारखं वाटतं. हे सासूबाईंचं शास्त्र, माझं नाही.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगितली. जेवणाबरोबर चहा नको. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आणि लोहाच्या गोळीचंही तेच होतं. चहा प्यायचाच असेल तर तास-दीड तासानं. आमच्या लेकीचे ते चार महिने आठवा: नूडल्स आणि वर चहा! गोळी मात्र चुकवायची नाही, हेही बजावलं. कारण मैत्रिणींनो, ८.७ वर गेलेलं रक्त नुसत्या पालकानं भरून येत नाही. औषध ते औषध. शेवई चांगली केली म्हणून ती औषध होत नाही, आणि मेसचं चौरस जेवणही होत नाही. पण रोज रात्री जे पोटात जाणारच आहे, त्यातून निदान काहीतरी अंगाला लागावं, एवढाच माझा हट्ट होता. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींना रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. म्हणजे ही काही एकट्या माझ्या लेकीची गोष्ट नाही. तुम्ही-आम्ही सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खातो, त्या आपल्या सगळ्यांची आहे.

पाच दिवसांनी परत आले. ह्यांना मी काही व्याख्यान दिलं नाही. रविवारी संध्याकाळी घरी तेच केलं, फक्त आमच्या गॅसवर. घरी करताना पद्धत जरा बदलते, तीही सांगते. लोखंडी कढईत चमचाभर तेल. शेवईत तेल असतंच, म्हणून जास्त नको. जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. उभा चिरलेला कांदा कडा लाल होईपर्यंत परतायचा. घाई करू नये, निम्मी चव तिथेच आहे. मग मटार, गाजर, फरसबी घालून झाकण. भाजी अर्धी शिजली की अर्धा मसाला तेलातच परतायचा. मसाल्याचा वास तेलात उतरतो, पाण्यात तितका उतरत नाही. मग मोजून पाणी, उकळी आली की शेवई. जराशी कच्ची असतानाच गॅस बंद करायचा, कारण गरम कढईत ती पुढे शिजतच राहते. शेवटी लिंबू, कोथिंबीर आणि दाण्याचं कूट. दोन पाकिटांत भाजी, मटार आणि दाणे भरपूर घातले की चौघांचं भागतं.

सासूबाईंनी बशी नाकाजवळ नेली, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शेवयांचा उपमा! एवढं काय त्या नूडलचं कौतुक?" मी म्हटलं, "तेच तर आई!" हे काही बोलले नाहीत. बशी संपवली. मग हळूच विचारलं, "ती पण असंच करते का तिकडे?" मी डब्याची, टॉवेलाची, वर ठेवलेल्या पुस्तकाची सगळी हकिकत सांगितली. दुसऱ्या वेळची मेस तिनं का बंद केली होती, तेही सांगितलं. हे बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले. हातात दोन पिशव्या. एकीत पाच किलो शेंगदाणे, दुसरीत दोन किलो हिरवे मूग, आडतीवरचे निवडक. ओट्यावर ठेवून म्हणाले, "यार्डातला ट्रक परवा पुण्याला जातोय. चटणी करून देणार असशील तर उद्याच कर." आणि शर्टाच्या खिशातून काही नोटा काढून डब्याखाली सरकवल्या. "मेसचे आहेत. निदान चार दिवस तरी रात्रीचं जेवत जा म्हणावं. माझं नाव सांग, नाहीतर परत करील."

मी खलबत्ता काढला. दाणे भाजताना धूर डोळ्यांत गेला म्हणायचं, दुसरं काय.

दसरा गेला. दिवाळीत लेक आली तेव्हा रक्त १०.४ होतं. संक्रांतीला ११.६. अजून बाराचा आकडा गाठायचा आहे, गोळ्या चालू आहेत. आता आठवड्यातून चार रात्री मेस आणि तीन रात्री डबा, असं वेळापत्रक आहे. पूर्वपरीक्षा झाली, मुख्य परीक्षेची तयारी चालली आहे. मधे वन्संनी एक स्थळ आणलं होतं. ह्यांनी फोनवर सांगितलं, "मुदत पुरी व्हायची आहे अजून. तोवर नको." पुढचं पुढे. निकाल काय लागेल ते माझ्या हातात नाही आणि तिच्याही पुरतं नाही.

पण ज्यांच्या मुली-मुलं शिकायला बाहेर आहेत त्या मैत्रिणींना एवढं सांगेन की, "ते खाऊ नकोस" असं फोनवर सांगून काही होत नाही. मुलं 'हो' म्हणतात आणि खातात. त्यापेक्षा पुढच्या खेपेला पिशवीत लाडू-चिवड्याबरोबर हे भरून द्या: शेंगाची नाहीतर जवसाची कोरडी चटणी, पाव किलो मूग, एक मऊ सुती फडकं, एक किसणी, सहा लिंबं आणि झाकणाचा स्टीलचा डबा. सगळं मिळून फार खर्च नाही. आणि डब्यात कागदाच्या चिठोऱ्यावर ते सूत्र लिहून ठेवा: हिरवं, ताकदीचं, आंबट, कुरकुरीत.

आमच्या त्या खोलीत ते चिठोरं किटलीच्या वर भिंतीला चिकटवलेलं आहे, राज्यपालांच्या अधिकारांच्या तक्त्याशेजारी. घरमालकीणबाईंनी परवा वाचलं म्हणे, आणि "मलाही एक डबा करून द्या गं" म्हणाल्या.

तुमच्याकडे अशा आणखी काही युक्त्या असतील तर जरूर कळवा. पाच जणी वाट बघताहेत, आणि मीही.